सगळ्या चाव्या गेल्या आणि गाडी इमोबिलायझरची: साताऱ्यातला अनुभव

११ जानेवारी २०२५, शनिवारची संध्याकाळ. संक्रांत तोंडावर आलेली, त्यामुळे सातारा स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. पुण्याहून आलेल्या एसटीतून उतरताना दारातच रेटारेटी झाली. चढणारे चढतायत, उतरणारे उतरतायत. खाली आले आणि खांद्यावरची पर्स हलकी वाटली. चेन उघडी, आतलं पाकीट गेलेलं. मोबाईल हातात होता म्हणून तेवढा वाचला. पाकिटात रोख रक्कम, लायसन्स, आरसीचं स्मार्ट कार्ड, घराची किल्ली आणि गाडीची रिमोट चावी होती. गाडी सकाळपासून स्टँडजवळच्या पे अँड पार्कमध्ये उभी होती.

गाडी छोटी हॅचबॅक, २०१७ चं मॉडेल, इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीची चिप असलेली चावी नसेल तर इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा असलेली. २०२१ मध्ये आम्ही ती कराडच्या एका गृहस्थांकडून घेतली, तेव्हा एकच चावी मिळाली. दुसरी हरवल्याचं त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे त्या संध्याकाळी आमच्याकडे चालणारी एकही चावी उरली नव्हती आणि जी होती ती चोराच्या खिशात होती. ह्या परिस्थितीला वर्कशॉपची मंडळी 'ऑल कीज लॉस्ट' म्हणतात, हे मला पुढं कळलं. अशा वेळी साताऱ्यात कुठं जायचं, कोणते कागद लागतात, किती दिवस आणि किती पैसे जातात, हे मराठीत एका जागी लिहिलेलं मला त्या रात्री सापडलं नाही. म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

पहिली भीती गाडी चालू होणार नाही ही नव्हतीच. भीती ही होती की चोराजवळ आरसी आहे, म्हणजे गाडीचा नंबर आहे आणि आमचा पत्ताही आहे. त्यानं पार्किंगमध्ये येऊन रिमोटचं बटण दाबलं की इंडिकेटर लुकलुकून गाडी स्वतःच जागा दाखवणार. त्यामुळे मी आधी पोलीस ठाण्यात न जाता गाडीपाशी जाऊन उभी राहिले आणि मिस्टरांना फोन केला. ते घराचं कुलूप बदलायला शेजाऱ्यांना सांगून स्कूटरवर आले, तोवर मी तिथंच. पार्किंगच्या माणसालाही सांगून ठेवलं. त्यानं गाडीच्या मागं आपली मोटारसायकल आडवी लावून ठेवली. त्याचे मी आजही आभार मानते.

पोवई नाक्याकडच्या एका चावीवाल्या काकांना मिस्टर सोबतच घेऊन आले होते. काकांनी आधी विचारलं, "ताई, गाडी तुमचीच कशावरनं?" मोबाईलवर डिजिलॉकरमधली आरसी आणि माझं आधार दाखवलं, पार्किंगवाल्यानंही ओळख दिली, मगच त्यांनी पिशवी उघडली. हे मला फार आवडलं. कुणी न विचारता दार उघडून देत असेल तर तो उद्या दुसऱ्या कुणालाही तुमचं दार उघडून देईल.

काका स्पष्ट बोलले. "पातं मी घासून देतो, लॉकबी फिरंल. पण इंजिन धरायचं न्हाय. चिपची गाडी हाय ही."

मग दार उघडून काय करायचं ते त्यांनीच सुचवलं. दाराच्या फटीत हवेची पिशवी सरकवून, फुगवून, आतून सळईनं लॉक वर घेतलं. दार उघडताच हॉर्न बोंबलायला लागला, कारण रिमोटशिवाय दार उघडलं तर अलार्म वाजतो. आजूबाजूची माणसं जमली. बॉनेटचा खटका आतून ओढला, दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडलं, तेव्हा आवाज थांबला. एवढ्यावर काकांचं समाधान नव्हतं. "ही वायर कोनबी परत लावंल," म्हणाले आणि फ्युज बॉक्समधून फ्युएल पंपाची रिले काढून माझ्या हातात दिली. काळी, काडेपेटीहून लहान डबी. ती नसेल तर पंप पेट्रोल ओढत नाही, मग चावी खरी असली तरी इंजिन चालत नाही. ५०० रुपये घेतले. त्या रात्री मला झोप लागली ती ह्या रिलेमुळे. तुमची चावी चोरीला गेली आणि गाडी उघड्यावर असेल, तर जवळच्या इलेक्ट्रिशियनकडून आधी हे करून घ्या, बाकी सगळं मागाहून.

तिथून पोलीस ठाणं. इथं एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चोरीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली येतो आणि चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर तो अदखलपात्र धरतात. ठाणे अंमलदारांनी प्रत्येक वस्तूची किंमत विचारली, तेव्हा चावीचीही किंमत सांगायची असते हे माझ्या मनातही नव्हतं. त्यांनीच विचारलं, "रिमोटची आहे ना? मग तिचे पाच-सहा हजार धरा की." फिर्यादीत 'वाहनाची मूळ रिमोट चावी एक' असं गाडीच्या नंबरासह आणि चेसिस नंबरासह लिहून घ्या. फिर्यादीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, तसा कायदाच आहे. मला ती त्याच रात्री मिळाली. पुढं ती जिथं तिथं लागली.

रविवारी वर्कशॉप बंद. दिवसभर हातात काही नव्हतं, म्हणून मी वाचत बसले. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते, त्यामुळे चावीत नेमकं काय असतं हे मुळापासून कळून घ्यायची ओढ होती. खरं सांगायचं तर कळत गेलं तशी भीतीही कमी होत गेली.

रिमोट चावीच्या एकाच प्लास्टिकमध्ये दोन वेगळी यंत्रं असतात, हे बहुतेकांना माहीत नसतं. एक म्हणजे बटणाचा रिमोट. तो बटण सेलवर चालतो, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास संदेश पाठवतो आणि फक्त दारं उघडतो, लावतो. इंजिन चालू होण्याशी त्याचा काही संबंध नाही. दुसरी ती चिप, ट्रान्सपॉन्डर. तिला सेल लागतच नाही. स्टेअरिंगशेजारी आपण चावी जिथं घालतो त्या लॉकभोवती तांब्याच्या तारेची एक रिंग असते. चावी फिरवली की त्या रिंगेतून साधारण १२५ किलोहर्ट्झचं बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. चिपला जोडलेल्या बारीक वेटोळ्यात त्यामुळे वीज निर्माण होते आणि तेवढ्या विजेवर चिप जागी होऊन उत्तर देते. बारावीला आम्ही म्युच्युअल इंडक्शन शिकवतो, ते हेच. म्हणून रिमोटचा सेल संपला तरी गाडी चालू होते, फक्त दार पात्यानं उघडावं लागतं.

सुरुवातीच्या चिपा एकच ठरलेला नंबर सांगायच्या. तो नंबर एकदा कुणी टिपला की त्याची नक्कल करता येई. पुढच्या पिढीत पद्धत बदलली. आता गाडी चावीला दर वेळी एक नवा, कसाही निवडलेला आकडा पाठवते. चावी आणि गाडी दोघींकडे एक गुपित संकेत साठवलेला असतो. चावी त्या संकेतानं आकड्यावर गणित करून उत्तर परत पाठवते, गाडीही तेच गणित करते आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच इंजिनाला परवानगी मिळते. गुपित संकेत हवेतून कधीच जात नाही. त्यामुळे आजचं उत्तर कुणी ऐकलं तरी उद्याच्या प्रश्नाला ते चालत नाही. हे सगळं आपण चावी फिरवतो तेवढ्या वेळात होतं. जुळलं नाही तर इंजिनाचा कंट्रोल युनिट, म्हणजे ईसीएम, इंजेक्टर आणि स्पार्क बंद ठेवतो. काही गाड्यांत स्टार्टरच फिरत नाही, काहींत इंजिन क्षणभर लागून बंद पडतं. डॅशबोर्डवर चावीच्या किंवा कुलूप लावलेल्या गाडीच्या चित्राचा दिवा लागतो किंवा लुकलुकतो. तो दिवा लागला असेल तर पेट्रोल आणि बॅटरी तपासत बसू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडीकडे एक यादी असते. वर्गातल्या हजेरीपटासारखी. ज्या चाव्यांची नावं पटावर आहेत त्यांनाच आत घेतलं जातं. पटावर नाव घालायचं किंवा काढायचं तर गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडून सुरक्षा कोड द्यावा लागतो आणि तो कोड चेसिस नंबरावरून कंपनीकडून येतो. पातं तंतोतंत घासलं तरी पटावर नाव नसेल तर गाडी चालू होत नाही. काका म्हणाले होते ते हेच.

१३ तारखेला, सोमवारी, विम्याच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन केला. पॉलिसीत टोइंग मोफत होतं. पण किती किलोमीटरपर्यंत आणि वर्षातून कितीदा, हे आधी विचारून घ्या. त्यासाठीच मी गाडी शनिवारी घरी ओढून आणली नव्हती. घरी आणली असती तर वर्कशॉपला न्यायला पुन्हा टोइंग लागलं असतं. चावी नसल्यानं स्टेअरिंग लॉक होतं, पुढची चाकं थोडी वळलेली. टोइंगवाल्या मुलानं पुढची बाजू उचलून घेतली. दार उघडं असल्यानं हँडब्रेक सोडता आला आणि गिअर न्यूट्रलला घेता आला. गाडी हायवेच्या बाजूच्या वर्कशॉपला गेली.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर तरुण मुलगा होता, शांतपणे बोलणारा. त्यानं तीन मार्ग सांगितले. पहिला: गाडीच्या चावी-नंबरावरून तशाच दोन नव्या चाव्या मागवायच्या, प्रोग्राम करायच्या आणि जुनीचं नाव यादीतून काढायचं. दुसरा: पूर्ण लॉकसेट बदलायचा, म्हणजे इग्निशन, ड्रायव्हरचं दार आणि डिकीची कुलपं, त्यासोबत दोन नव्या चाव्या आणि प्रोग्रामिंग. तिसरा: बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायचं. तिसऱ्यासाठी मी दुपारी फोनवर चौकशी केली. एका गॅरेजवाल्यानं जुन्या गाडीतून काढलेला ईसीएम, लॉक आणि चावी असा सेटच बसवून देण्याची तयारी दाखवली, पैसेही कमी सांगितले. पण तो ईसीएम कुठल्या गाडीतून निघाला ह्याचा कागद त्याच्याकडे नव्हता, म्हणून तो विषय मी तिथंच सोडला. बाहेर काम करणारे सगळेच वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. एक चालती चावी हातात असेल तर दुसरी करून देणारे चांगले कारागीर आहेत आणि ते काम स्वस्तात होतं.

पहिल्या मार्गात खर्च कमी होता. अडचण एवढीच की यादीतून नाव काढल्यावर चोरीची चावी इंजिन चालू करू शकत नाही, पण तिचं लोखंडी पातं दार उघडतंच. आमचा पत्ता ज्याच्याकडे आहे त्याच्या खिशात ते पातं राहणार. दारातली गाडी कुणी रात्री उघडून बसेल, हा विचार मला सहन होईना. लॉकसेट ठरवला. चावी नुसती हरवली असती, दरीत किंवा नदीत पडली असती, तर मी पहिलाच मार्ग घेतला असता.

कागद लागले ते असे: आरसी, माझं आधार आणि पॅन, चालू विमा पॉलिसी, फिर्यादीची प्रत, चावी मागणीचा कंपनीचा फॉर्म आणि नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. आरसीवर घोटाळा झाला. काउंटरवरच्या माणसाला मूळ कार्डच हवं होतं आणि कार्ड तर पाकिटाबरोबर गेलेलं. डिजिलॉकरमधली आरसी मूळ कागदाइतकीच ग्राह्य असते, हे मी सांगत राहिले. शेवटी मॅनेजरांनी माझ्या समोर परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून नाव जुळवलं, नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी घेतला आणि मान्य केलं. ह्या चौकशीचा मला राग आला नाही. कुणीही येऊन माझ्या गाडीचा नंबर सांगावा आणि चावी घेऊन जावं, असं असतं तर ह्या सगळ्या यंत्रणेचा उपयोगच नव्हता. आरसीवरचा मोबाईल नंबर जुना असेल तर आजच बदलून ठेवा, नाहीतर नेमक्या वेळी ओटीपी भलत्याच फोनवर जाईल. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचंही पत्र मागतात, असं त्यांनी सांगितलं. आमच्यावर नव्हतं.

१४ ला संक्रांत, सगळं बंद. घरी पाहुणे होते, तिळगूळ दिला-घेतला आणि प्रत्येकाला तीच चोरीची हकीकत सांगितली. १५ ला कोर्टाजवळ जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. पूर्वी शंभराचा स्टॅम्प चालायचा. ऑक्टोबर २०२४ पासून तो पाचशेचा झाला. स्टॅम्प ५०० आणि टायपिंग, नोटरी मिळून २००. मजकुरात 'मूळ चावी सापडल्यास वर्कशॉपला कळवीन' असं वाक्य हवं होतं. ते आधी विचारून गेल्यामुळे दुसऱ्यांदा जावं लागलं नाही. त्याच दुपारी निम्मी रक्कम आगाऊ भरली आणि ऑर्डर गेली. आठ ते दहा कामाचे दिवस लागतील असं सांगितलं.

मधले दिवस कठीण गेले. कॉलेजला जायला मिस्टरांची स्कूटर होती. त्रास झाला तो सासूबाईंना, त्यांना गुडघ्यांमुळे स्कूटरवर बसता येत नाही आणि फिजिओथेरपीला आठवड्यातून जावं लागतं. रिक्षानं नेलं. ह्याच दिवसांत परिवहनच्या पोर्टलवर डुप्लिकेट आरसीचा अर्ज केला, फॉर्म २६. फिर्यादीची प्रत जोडली, फी ऑनलाइन भरली. लायसन्सचंही तसंच. ह्यात सांगण्यासारखं फार नाही, फोटो स्पष्ट काढून जोडा एवढंच.

वाचन चालूच होतं. जर्मनीत विमा कंपन्यांच्या रेट्यानं १९९५ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर आले, युरोपीय संघात १९९८ पासून ते सक्तीचे झाले, कॅनडानं २००७ मध्ये सक्ती केली. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती. तिथं २०१५ च्या मॉडेलमध्ये इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांना इमोबिलायझर होता, पण ह्युंदाई आणि किआच्या फक्त २६ टक्के गाड्यांना. २०२१-२२ च्या सुमारास पोरांनी ही फट हेरली आणि ह्या गाड्या कशा पळवायच्या त्याचे व्हिडिओ पसरवले, मग चोऱ्यांचं पेवच फुटलं. पुढं कंपन्यांना नुकसानभरपाईचा मोठा समझोता करावा लागला. एक लहानशी चिप असणं आणि नसणं ह्यातला फरक मला इथं जेवढा स्पष्ट दिसला तेवढा दुसरीकडे कुठंच दिसला नाही.

यंत्रणा अभेद्य नाही, हेही वाचलं. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ४० बिटांचा संकेत असलेल्या चिपेचं गुपित फोडून दाखवलं. ४० बिट त्या काळीही कमीच होते. २०१२ मध्ये हायटॅग-२ ह्या चिपेचं तेच झालं. त्यानंतर मेगामॉस नावाच्या चिपेवरचं संशोधन छापण्याला इंग्लंडच्या न्यायालयानं २०१३ मध्ये मनाई केली, ते शेवटी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते की कुलपाची पद्धत लपवून कुलूप मजबूत होत नाही, ते संकेताच्या लांबीनं आणि गणितानं होतं. ह्या तिन्ही प्रकरणांत तेच दिसतं. तरी रस्त्यावरचा साधा चोर ह्या वाटेला जात नाही. त्याला चावीच हवी असते.

वर्कशॉपचा फोन २५ ला आला. २६ ला रविवार आणि प्रजासत्ताक दिन, म्हणून २७ ला सकाळी गेले. जाताना रिले आठवणीनं पर्समध्ये घातली. काम समोर उभं राहून पाहू द्या, अशी मी विनंती केली आणि त्यांनी मान्य केली. तुम्हीही करा.

दाराचं आतलं पॅड काढून कुलूप बदललं, डिकीचं बदललं, मग स्टेअरिंगखालचं झाकण उघडून इग्निशन लॉक. तेव्हा ती तांब्याची रिंग मला प्रत्यक्ष दिसली. काळ्या प्लास्टिकमध्ये बसवलेलं एक कडं, त्यातून निघालेल्या बारीक वायरी. ती जुनीच नव्या लॉकवर चढवली. रिले बसवली, बॅटरीचं टर्मिनल जोडलं. मेकॅनिकनं मुद्दाम नवी चावी प्रोग्राम न करता फिरवून दाखवली. लॉक अलगद फिरलं, डॅशबोर्डचा दिवा लुकलुकला, इंजिन धरलं नाही. काकांचं म्हणणं डोळ्यांनी पाहिलं.

मग स्टेअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला. अ‍ॅडव्हायझरनं कंपनीच्या पोर्टलवर चेसिस नंबर टाकून कोड मागवला. कोड टाकायच्या आधी मी विचारलं, सध्या किती चाव्यांची नोंद आहे ते दिसतं का? दिसतं म्हणाला. स्क्रीन माझ्याकडे वळवली.

तीन.

मला एकच चावी मिळाली होती. दुसरी हरवल्याचं ऐकलं होतं. ही तिसरी कुठली? चार वर्षं आमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीच्या यादीत एका अशा चावीचं नाव होतं जी कुठं आहे, कुणाकडे आहे, ह्याचा आम्हाला पत्ताच नव्हता. पाकीट चोरीला गेलं तेव्हाही माझ्या पोटात इतका गोळा आला नव्हता. तिथूनच कराडच्या गृहस्थांना फोन लावला. ते भले माणूस, आठवून म्हणाले, "मॅडम, ड्रायव्हर ठेवला होता तेव्हा त्याच्यासाठी एक करून घेतली होती. तो सोडून गेला, चावीचं डोक्यातनंच गेलं." त्यांचा हेतू वाईट नव्हता ह्याची मला खात्री आहे. पण जुनी गाडी घेताना आपण आरसी पाहतो, विमा पाहतो, टायर पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि ही यादी कुणीच पाहत नाही. सेकंडहँड गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: नावावर झाली की पहिल्याच आठवड्यात वर्कशॉपला न्या, स्कॅनर लावून किती चाव्यांची नोंद आहे ते पाहा आणि हातात आहेत तेवढ्याच ठेवून बाकीच्या काढून टाका. चालत्या चाव्या हातात असल्या की हे काम थोड्या वेळाचं असतं.

कोड टाकला. ह्या गाडीत नोंदणी करताना जुनी यादी पूर्ण पुसली जाते आणि समोर असलेल्या चाव्याच नव्यानं लिहिल्या जातात. म्हणून एखादी जादा चावी करायला जाल तर घरातल्या सगळ्या चाव्या बरोबर न्या, नाहीतर घरी राहिलेली निकामी होईल. पहिली चावी घातली, ऑन केली, दिवा लागून विझला. ऑफ. दुसरी घातली, तसंच. स्क्रीनवर आकडा आला: दोन. मी तो फोटो काढून ठेवला. रिमोटची बटणं वेगळी शिकवावी लागतात, ती त्यानंतर झाली. मग त्यानं मला सीटवर बसायला सांगितलं. चावी फिरवली, इंजिन एका दमात लागलं. माझे डोळे भरून आले. मेकॅनिक पोरगा दुसरीकडे बघत हात पुसत उभा राहिला.

बिल झालं: लॉकसेट दोन चाव्यांसह ११,३४० रुपये, प्रोग्रामिंग आणि मजुरी २,१८०. एकूण १३,५२०, जीएसटी धरून. टोइंग विम्यात. त्याआधीचे चावीवाल्या काकांचे आणि प्रतिज्ञापत्राचे मिळून १,२००. एक चालती चावी असताना दुसरी करून घेतली असती तर चार हजारांच्या आसपास काम झालं असतं, असं अ‍ॅडव्हायझर म्हणाला. गाडी आणि वर्कशॉपनुसार हे आकडे बदलतील, अंदाज यावा म्हणून दिले आहेत.

निघताना त्यानं दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथं नोंदवते. दोन्ही चिपच्या चाव्या एकाच रिंगेत अडकवू नका, कधी कधी दोन्ही एकदम उत्तर देतात आणि गाडी गोंधळते. आणि चाव्यांबरोबर नंबर कोरलेला जो लहान टॅग येतो तो चाव्यांपासून वेगळा ठेवा. पातं पुन्हा करायची वेळ आली तर तो नंबर लागतो. आमचा टॅग आता बँकेच्या लॉकरमध्ये आहे, दुसरी चावी सासूबाईंच्या कपाटात.

शेवटचं काम विम्याचं. गाडी चोरीला गेल्यावर क्लेम करताना विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते आणि एक नसेल तर खुलासा विचारते. म्हणून २८ ला मी कंपनीला ईमेल केली: फिर्यादीची प्रत, लॉकसेटचं बिल, नव्या चाव्यांचा नंबर आणि स्क्रीनवरचा दोनचा फोटो जोडला. दोन दिवसांत त्यांची पोच आली, ती छापून पॉलिसीला लावली आहे. एजंटांना विचारून दोन गोष्टी कळल्या. एआरएआय ह्या वाहन तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं असेल तर स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये, सवलत मिळते. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, ते गाडीबरोबर आलं आहे का ते विकणाऱ्याकडे विचारा. दुसरं, की रिप्लेसमेंट नावाचं जादा संरक्षण घेतलं असतं तर लॉकसेटचा खर्च बराचसा मिळाला असता. आमचं नूतनीकरण एप्रिलमध्ये होतं, तेव्हा ते घेतलं. डुप्लिकेट आरसी फेब्रुवारीत पोस्टानं घरी आली.